टेपचं दुसरं टोक

हा अनुभव लिहू की नको, यातच माझे आठ महिने गेले. घरात कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी पहिला प्रश्न विचारते, "खोली किती बाय किती होती?" नवरा म्हणतो, हिला स्मशानात नेलं तरी ही आधी कंपाउंड वॉल मोजेल. म्हणू दे. माझा धंदाच तो आहे. जुन्या इमारती पाडायच्या आधी त्यांचा आहे तसा नकाशा करून द्यावा लागतो, ते काम मी गेली चौदा वर्षं करतेय. मीरा रोडला शांती नगरमध्ये घर, घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस. भिंत म्हणजे भिंत, दार म्हणजे दार. यापलीकडे काही असतं असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही तसं वाटून घ्यायची माझी इच्छा नाही.

पण जे झालं ते झालंय. जसं झालं तसंच लिहिते. त्यात माझी एक चूकही आहे, तीही लिहिते.

आधी तांबे काकांबद्दल. वय बासष्ट, मूळचे खेडकडचे, आता भाईंदर पूर्वेला राहतात. दहा वर्षं माझ्याबरोबर मोजणीला येत होते. क्लायंटसमोर मला "मॅडम" म्हणायचे आणि क्लायंट वळला की "पोरी". माझ्याकडे लेझर मीटर आहे, चांगलं महागातलं आहे, पण काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "भिंतीला भोक असलं की तुझा तो लाल ठिपका शेजारच्याच्या घरात जातो," असं म्हणायचे, आणि पडक्या इमारतींत ते खरंही होतं. म्हणून आम्ही बहुतेक वेळा साधी तीस मीटरची फायबर टेप वापरायचो.

त्याची एक पद्धत असते. टेपचं टोक एकाकडे, डबी दुसऱ्याकडे. टोकवाला भिंतीला टोक टेकवून ओरडतो, "झिरो!" म्हणजे मी जागेवर आहे, टोक पक्कं धरलंय, वाच. डबीवाला टेप ताणतो आणि आकडा ओरडून सांगतो. आकडा ऐकू येईपर्यंत टोक सोडायचं नाही. दहा वर्षांत आम्ही किती वेळा "झिरो" म्हटलं असेल देव जाणे. जेवायला बोलवायचं असलं तरी काका लांबून "झिरो!" अशी हाक मारायचे.

तर गेल्या ऑक्टोबरात एक काम आलं. भाईंदर पश्चिमेकडून राई गावाकडे जाताना एक बंद पडलेलं थिएटर होतं. मालकांकडे माझं अजून येणं-जाणं आहे, म्हणून खरं नाव लिहीत नाही. जुनी माणसं त्याला "मिठवाल्याची टॉकीज" म्हणायची, कारण ती एका मिठागरवाल्याने बांधली होती. आता तिथे टॉवर यायचा होता. "पाडायच्या आधी मापं घेऊन ठेवा, फोटो काढून ठेवा," असं मालकांच्या नातवाने सांगितलं. त्याला त्या इमारतीचं थोडंफार वाटत होतं, हे मला आवडलं.

आम्ही सकाळी नऊला पोहोचलो. भोवती पत्रे ठोकलेले, आत गुडघाभर गवत. इमारत मात्र देखणी... समोरचा भाग अर्धगोल, त्यावर सिमेंटमध्ये उठावाचं काम — दोन बाजूंना दोन मासे आणि मध्ये शिडाची होडी. माशांची तोंडं खाऱ्या हवेने झिजलेली. तिकीट खिडक्या तीन, त्यातली एक इतकी खाली की तिकीट घेताना माणसाला वाकावंच लागेल. लॉबीतली फरशी हिरवी-पिवळी, शिंपल्याचे तुकडे घालून घासलेली. तसली फरशी आता करणारी माणसं उरली नाहीत. वर बाल्कनी, खाली स्टॉलच्या खुर्च्या, आणि अगदी पुढे बाकड्यांच्या चार रांगा. हॉलला दोन्ही बाजूंनी तीन-तीन दारं होती, पण गर्दुल्ले घुसायला लागल्यावर मालकांनी ती सगळी विटांनी बंद करून घेतली होती. आत जायला एकच वाट — समोरचं लोखंडी शटर.

वॉचमन रामदुलार म्हणाला, "मॅडम, शटर खुला रखूँगा तो गर्दुल्ला लोग घुस जाएगा. बाहर से ताला मार देता हूँ. खाना खाके दो बजे खोलता हूँ."

मी म्हटलं, "मार दो." आम्ही पन्नास ठिकाणी असं काम केलंय. उलट बरं, मध्ये कुणी येऊन "क्या नाप रहे हो" विचारत नाही.

शटर बंद व्हायच्या आधीच आम्ही बाहेरून मोजून घेतलं होतं, अकरापासून आतून मोजत होतो. आणि गणित बसेना. बाहेरून लांबी जेवढी भरत होती, आतून त्याहून साडेसहा मीटर कमी. पडद्याच्या मागे एवढी जागा कसली?

"जाऊ दे ना पोरी," काका म्हणाले. "मागे गोडाऊन असेल. बाहेरची लांबी दाखव आणि मध्ये तुटक रेघ मार."

तुटक रेघ मारणं माझ्या जिवावर येतं. हा माझा स्वभाव आहे, आणि तोच मला त्या दिवशी नडला. मालकांच्या नातवाने सांगितलेलं मला आठवत होतं — आधी हे नाटकाचं थिएटर होतं, राई-मुर्धे-मोरव्याची मंडळी गणपतीनंतर इथे नाटकं बसवायची, मग सिनेमा आला, मग मोठा पडदा लावला तेव्हा रंगमंच मागे झाकला गेला. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी या टॉकीजला बाकड्यावर बसून ढीगभर पिक्चर पाहिलेत. इथं स्टेज होतं हे मला आज कळतंय."

सिनेमाचा पडदा केव्हाच फाटून गेला होता. त्याच्या जागी प्लायवूडची आडभिंत, आणि तिच्यावर जुना मखमली पडदा टांगलेला, काळा की तांबडा तेही कळेना. मी म्हटलं, हा ओढू, मागे फट असेल. काका नको म्हणत होते. मी एका बाजूने धरला, नाइलाजाने त्यांनी दुसऱ्या बाजूने धरला, आणि आम्ही ओढला.

सगळाच खाली आला. वर्षानुवर्षांची धूळ, कबुतरांची घाण, वटवाघळांची घाण... समोरचं दिसेना. मी ओढणी तोंडाला लावून बाजूला पळाले. धूळ जरा बसली तेव्हा पाहिलं, तर काका आडभिंतीपुढच्या ओट्यावर बसून दोन्ही हातांनी छाती धरून होते.

काकांना दमा आहे. मला माहीत होतं. पंप ते कायम जवळ ठेवायचे, पण त्या दिवशी त्यांची पिशवी माझ्या स्कूटरच्या डिकीत राहिली होती. पंप त्यात, आणि त्यांचा फोनही त्यात.

मी धावत शटरकडे गेले. हाताने बडवलं, विटेने बडवलं, ओरडले. बाहेर पत्र्याचं कुंपण, त्यापलीकडे रस्त्याचं काम चाललेलं, ड्रिलिंगचा आवाज. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. फोन काढला. सकाळपासून फोटो काढून काढून चार टक्के उरले होते आणि नेटवर्क नाही. लॉबीभर हात वर करून फिरले. १०८ लावला, लागला नाही. रामदुलारला लावला, एकदा वाजल्यासारखं झालं आणि फोन बंद पडला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. तो दोनला येणार होता.

(पुढे कळलं, तो भावाकडे घोडबंदरला जेवायला गेला होता आणि हायवेच्या जाममध्ये अडकला. तो आला चार वाजता.)

परत आत आले. काकांच्या श्वासाची शिट्टी मला बाल्कनीखालूनच ऐकू येत होती. ओठांचा रंग बदलायला लागला होता. पाणी दिलं, पाठीला आधार देऊन बसवलं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं — सकाळी बाहेरून मोजताना मागच्या भिंतीत, खाडीच्या बाजूला, एक जुनं लाकडी दार दिसलं होतं. नाटकवाल्यांचं दार असणार. पडदा पडल्यावर प्लायवूडच्या बाजूला हातभर फट उघडी झालीच होती. मागून वाट असेल तर त्या दारापर्यंत जाता येईल.

"काका, मी मागून बघून येते."

त्यांनी माझं मनगट धरलं. मी त्या माणसाला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पडक्या गच्चीच्या कठड्यावर उभं राहून बिडी ओढणारा माणूस तो. श्वास घेत, थांबत थांबत म्हणाले, "एकट्याला... टाकून... जाऊ नको."

"टाकून नाही जात. पंप आणते."

त्यांनी मान हलवली. नको. मग इकडेतिकडे चाचपडून त्यांनी टेपची डबी मांडीवर घेतली आणि टोक माझ्या हातात दिलं. मला कळलं. टेप हातातून सरकत राहिली की त्यांना समजणार होतं, पोरगी आहे, चालतेय.

मी त्यांना म्हटलं, "हे बघा, आवाजाच्या बाहेर मी जाणार नाही. मी झिरो म्हणेन, तुम्ही आकडा सांगा. जास्त झालं तर नुसतं 'ये' म्हणा. तुम्ही ये म्हणालात की मी आले. शब्द आहे माझा."

मग त्यांनी मनगट सोडलं.

फटीतून आत शिरले. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात टेपचं टोक. हॉलमध्ये निदान छपराच्या भोकांतून ऊन तरी येत होतं, इथे काहीच नाही. कोंदट वास, पायाखाली कुजक्या फळ्या. पडद्यामागचे मोठे भोंगे अजून तिथेच होते, आणि त्यांच्याही मागे खरा रंगमंच — विंगांच्या लाकडी चौकटी, वर दोऱ्या लोंबतायत. साडेसहा मीटर बरोबर होते. अशा वेळीही ते माझ्या मनात आलं, याची मला आज लाज वाटते.

विंगेशी पोहोचून मी ओरडले, "झिरो!"

टेप ताणली गेली. "सहा चाळीस," काकांचा आवाज आला.

आवाज स्वच्छ होता. शिट्टी नाही, धाप नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं चला, धूळ बसली, अटॅक उतरला बहुतेक.

पुढे गेले. विंगेमागे खाली जाणारा लाकडी जिना होता. "झिरो!"

"अकरा पंधरा." आणि मग, "सातवी पायरी नाही. मोजून उतर."

मी मोजून उतरले. सहा पायऱ्या झाल्यावर बॅटरी खाली धरली, तर सातवीच्या जागी नुसता काळोख. खाली अर्धवट पाणी आणि मोडक्या लाकडांची टोकं वर आलेली. घाईघाईत उतरले असते तर संपलेच होते. मी भिंतीला धरून आठवीवर पाय टाकला. तेव्हा मला यात काही विचित्र वाटलं नाही. काका आहेत, काका सांगतायत, एवढंच.

खाली मेकअपची खोली. भिंतीला आरशांच्या रिकाम्या चौकटी, हातभर उंचीवर खिळे ठोकलेले. तिच्यापुढे अरुंद बोळ, मला आडवं होऊन चालावं लागत होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती छातीला आणि पाठीला लागत होत्या. मधेच ओढणी कशात तरी अडकली आणि मला वाटलं, आता ना पुढे जाता येणार, ना मागे. माझा श्वास लागायला लागला. भिंत म्हणजे भिंत वगैरे जे वर लिहिलंय ते तिथे संपलं. मला काकांजवळ जाऊन बसायचं होतं. जे होईल ते दोघांचं होईल.

मी थांबले. बॅटरी मागे वळवली आणि ओरडले, "काका, येऊ का परत?"

"नको," आवाज आला. शांत, अगदी रोजच्यासारखा. "सतरा ऐंशी. पुढे जा. दार जवळ आहे."

मी ओढणी तशीच सोडली आणि पुढे गेले.

दाराला वर कडी होती, ती हाताला निघाली. खालची गंजून चिकटलेली. लाथा घातल्या, तिसऱ्या की चौथ्या लाथेला चौकटीसकट सुटली. दार ढकललं आणि डोळ्यांवर ऊन आलं. समोर चिखल, तिवरं, आणि थोड्या अंतरावर दोरीवर बोंबील वाळत घालणारी एक बाई. ती माझ्याकडे बघतच राहिली. धुळीने मी कशी दिसत असेन कल्पना आहे.

"मावशी, आत माणूस आहे. दमा आहे. रिक्षा बोलवा कुणाची तरी!"

"गो बाय, तू हितनं कशी आलीस? ह्यो दरवाजा कवा उघारलेला न्हाय बघला," म्हणत ती नवऱ्याला हाका मारतच धावली. त्यांची स्वतःची रिक्षा होती. त्या नवरा-बायकोचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मी टेपचं टोक दाराच्या कोयंड्याला अडकवलं, इमारतीला वळसा घालून स्कूटरकडे पळाले, पंप घेतला आणि त्याच वाटेने परत आत. या वेळी झिरो म्हणायचं सुचलं नाही.

काका आडवे पडले होते. डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे, शुद्ध असल्यासारखी नव्हती. मांडीवर डबी नव्हती. ती पाच-सहा फुटांवर बाकाखाली घरंगळून पडली होती. पंप तोंडाला लावला, दाबला, परत दाबला. मग मावशीचे यजमान मागून आले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना त्याच वाटेने कसं बाहेर आणलं ते मला नीट आठवत नाही. बोळात यजमान उलटे चालत त्यांना खांद्याखाली धरून ओढत होते, एवढं आठवतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. आणि मला विचारलं, "पेशंट शेवटचं बोलले कधी?" मी म्हटलं, आत्ता वीस मिनिटांपूर्वी बोलत होते, चांगलं खणखणीत. ते म्हणाले, "शक्य नाही. या अवस्थेत माणूस एक शब्द धड बोलू शकत नाही. तुम्हाला घाईत वाटलं असेल."

मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. म्हणून चार दिवसांनी मी मालकांच्या इंजिनीयरला बरोबर घेऊन परत गेले. शटर उघडं ठेवून, दोन माणसं दाराशी उभी करून. जिन्याची सातवी पायरी नव्हती. त्या जिन्यावर मी त्याआधी आयुष्यात पाय ठेवलेला नव्हता, आणि काकांना तर स्टेजच माहीत नव्हतं. मग जिथे काका बसले होते तिथे इंजिनीयरला डबी धरायला सांगितली आणि टोक घेऊन मी पुन्हा त्या वाटेने गेले. विंगेशी सहा चाळीस. जिन्याच्या तोंडाशी अकरा पंधरा. बोळात, जिथे माझी ओढणी अजून खिळ्याला लटकत होती, तिथे सतरा ऐंशी.

तीन आकडे, तिन्ही बरोबर. एका सेंटिमीटरचा फरक नाही.

मी स्वतःला खूप समजावलं. घाबरलं की मेंदू आवाज तयार करतो, असं वाचलंय. पायरी नाही हे बॅटरीच्या उजेडात डोळ्याला आधीच दिसलं असेल. टेप बाकाच्या पायाला अडकून ताणली गेली असेल. सगळं मान्य. पण आकडे? टेपवरचे आकडे डबीच्या तोंडाशी वाचायचे असतात, मी तर टोकाला होते. मला ते कळणारच कसे?

आता ती इमारत नाही. जानेवारीत पाडली. मासे आणि होडी नातवाने काढून नेली.

हे एवढंच असतं तर मी कुणाला सांगितलं नसतं. एखाद्या चांगल्या शक्तीने काकांचा जीव वाचवला म्हणून गप्प हात जोडले असते, नास्तिकपणा गुंडाळून. पण पुढचं सांगायचंय.

काका घरी आल्यावर मी भेटायला गेले. पपनस नेलं होतं, त्यांना आवडतं. काकूंनी चहा टाकला. काका माझ्याकडे बघत नव्हते. तब्येतीचं बोलणं झालं, गोळ्यांचं झालं. मग काकू आत गेल्या आणि ते हळूच म्हणाले, "पोरी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना काका."

"टेप माझ्या हातातनं लगेच सुटली. तू आत गेलीस आणि सुटली. धरायला वाकलो तर जास्तच कोंडलं. मी तुला हाक मारली. 'ये' म्हटलं. आवाज निघत नव्हता, पण म्हटलं. तू आपली झिरो, झिरो करत पुढंच."

मी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला.

"मग तू थांबलीस. त्या फटीतनं, खालनं वर आलेला तुझ्या बॅटरीचा उजेड मला दिसला. 'काका, येऊ का परत' असं तू विचारलंस. ते मी नीट ऐकलं. मी सगळा जीव एकवटून 'हो' म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, पोरी. माझं मलाच ऐकू आलं एवढ्या मोठ्यानं. दोनदा म्हटलं. आणि उजेड पुढे गेला."

मी त्यांना सगळं सांगितलं. नको म्हणालेला आवाज, पायरी, तीन आकडे. फील्ड बुकात लिहून आणले होते, ते दाखवले. ते चष्मा लावून आकड्यांकडे पाहत राहिले. दहा वर्षं माझ्या प्रत्येक आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस. मग त्यांनी बुक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"बरोबर केलंस तू," म्हणाले. "आली असतीस परत, तर दोघंही गेलो असतो. मला कळतंय ते. डॉक्टरपण म्हणाले. असू दे."

मी रडले. म्हटलं, "काका, शप्पथ, मला 'हो' ऐकू आलं असतं तर मी आले असते."

"असू दे गं," ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारून चहाचं विचारलं.

त्यानंतर ते कामाला आले नाहीत. तब्येतीचं कारण आहे, खोटं नाही. फोन केला की नीट बोलतात, मुलांची चौकशी करतात. मला "मॅडम" म्हणतात, क्लायंट नसतानाही.

तो आवाज कुणाचा होता, मला माहीत नाही. त्याने काकांना वाचवलं, हे मी शंभरदा स्वतःला सांगितलंय. हे वाचणाऱ्या जाणकारांनी हवा तो अर्थ लावावा, मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी एका माणसाने अंधारात जीव तोडून मला 'हो, ये' म्हटलं, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचूच दिलं गेलं नाही. काका बरे आहेत, जेवतात, नातीला शाळेत सोडायला जातात. पण रात्री झोपेत अजूनही "ये, ये" म्हणून हाका मारतात, असं परवा काकूंनी फोनवर सांगितलं. कुणाला बोलावतात ते त्यांना कळत नाही. मला विचारत होत्या, तुला काही माहीत आहे का गं?

मी नाही म्हटलं.